अल्पशा आजाराने गेलेल्या शेतकऱ्याची बातमी

प्रति,
सर्व मराठी दैनिकांचे संपादक,
मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर



आमच्या धर्माबाद तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी मध्यंतरी वारले. गाव त्यांना आबा म्हणायचं. वय ऐंशीच्या पुढं. नेमकं किती ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्या पिढीतल्या कितीतरी माणसांसारखी त्यांचीही आधार कार्डावरची जन्मतारीख १ जानेवारी आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर निधनवार्ता आली. येथील ज्येष्ठ नागरिक अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे, ते शिक्षक तमुक यांचे वडील होत. चार ओळी. माणसानं जन्मभर शेती केली आणि त्या चार ओळींत शेतीचा उल्लेख नव्हता.

मजकूर मीच पाठवला होता. गावाकडून बातम्या पाठवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे दीड पानाच्या चार ओळी कशा होतात हे मला ठाऊक आहे. डेस्कवरच्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना रात्री ठरल्या वेळेला पान सोडायचं असतं, आणि नेमकी त्याच वेळी कुण्या भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात येऊन पडते. ती जाहिरात आणायचं कामही बहुतेक वेळा आमच्यासारख्या वार्ताहराच्याच गळ्यात असतं, ते जाऊ द्या. पानावर काय असावं हे शेवटी तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघड.

एक सरळ विचारतो. हेच आबा स्वतःच्या हातानं गेले असते तर?

तर मला सकाळी चहाच्या आधी फोन आला असता. सातबारा मिळेल का, कर्ज कुठल्या बँकेचं, आकडा किती, मुलीचं लग्न तोंडावर होतं का, चिठ्ठी ठेवली का, घरच्यांचा एखादा फोटो मिळेल का. असे फोन मी घेतले आहेत आणि फोटोही पाठवले आहेत. आत्महत्येची बातमी कशी द्यावी, काय छापू नये, याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्ये स्वीकारली. आत्महत्येची पद्धत सांगू नका, फोटो छापू नका, सनसनाटी मथळा देऊ नका, असं त्यात आहे. तुमच्या किती वार्ताहरांना ती तत्त्वं कुणी वाचायला दिली, हे तुम्हीच आपापल्या कचेरीत विचारून पाहा.

या बाबतीत तुमचं आणि सरकारचं माप एकच आहे. आमच्याकडं शेतकरी कसा मेला यावर त्याच्या मरणाची किंमत ठरते. वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख. आत्महत्या केली तर एक लाख, तेही समितीनं प्रकरण 'पात्र' ठरवलं तर. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव, असा २००६ च्या जानेवारीतला शासन निर्णय. कर्ज सोसायटीचं किंवा बँकेचं नसेल, विनापरवाना सावकाराचं असेल, तर माणूस गेलेला असूनही प्रकरण 'अपात्र'. आणि तापानं, दम्यानं, हृदय बंद पडून, बिछान्यात गेला तर त्याच्या नावानं फाईलच उघडत नाही.

आमच्या शिवारातून पलीकडं पाहिलं की तेलंगणा दिसतं. बासरची सरस्वती आमच्या इतकी जवळ आहे की लेकरांचं अक्षर गिरवणं तिथंच होतं. त्या बाजूला १५ ऑगस्ट २०१८ पासून रयतू विमा सुरू झाला. अठरा ते एकोणसाठ वयाचा शेतकरी कशानंही गेला, तरी घरच्यांना पाच लाख. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून रयतू बंधूचे एकरी चार हजार मिळू लागले होते, दर हंगामाला. त्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या गावांचे सरपंच उठले आणि आम्हाला तेलंगणात जाऊ द्या म्हणाले. तुम्ही ते छापलं, मोठं छापलं; पण गंमत म्हणून आणि राजकारण म्हणून. कोण कुणाच्या इशाऱ्यावर बोलतंय, कुठला पक्ष मागं आहे, याचीच चर्चा. सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं एकाच जातीची जमीन कसणाऱ्या दोन साडूंच्या घरात मरणानंतर काय घडतं, हा हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडला असता तर मंत्रालयात कुणाची तरी मान खाली गेली असती. आमच्या आबांना तिकडं असते तरी छदाम मिळाला नसता, त्यांचं वय निघून गेलेलं. पण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

आत्महत्येच्या बातम्या देऊ नका, असं मी म्हणत नाही. त्या दिल्या नसत्या तर महाराष्ट्र अजून झोपलेला असता. पण त्या देताना तुम्ही माणसाचं काय करता ते बघा. चिलगव्हाणचे साहेबराव करपे घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या या शेतकऱ्याचं अख्खं कुटुंब, म्हणजे ते, पत्नी मालती आणि चार लेकरं, १९ मार्च १९८६ ला संपलं. दरवर्षी त्या तारखेला कितीतरी लोक उपास करतात, तुम्ही बातमी देता, आणि बातमीत साहेबराव म्हणजे 'राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या'. हे गृहस्थ कैक वर्षं गावचे सरपंच होते, त्यांना गाण्या-भजनाचा नाद होता, चारचौघांत उठबस असलेला माणूस होता. चाळीस वर्षांत ही ओळख तुमच्या किती वाचकांपर्यंत पोचली? मेल्यावर त्यांचा शेवटचा दिवसच तेवढा उरला, त्याआधीचं सगळं आयुष्य पुसून गेलं. आबांचं उलटं झालं. त्यांचा शेवटचा दिवस शांत गेला, म्हणून त्यांचं काहीच उरलं नाही.

तेव्हा तुम्ही कापलं त्यातलं थोडं इथं लिहितो.

आबांची जमीन सहा एकर. चार गंगेच्या अंगाची काळी, दोन माळाची. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) धाकटा भाऊ ऐन तरुणपणी गेला, तेव्हा घरात भावजय आणि तिची तीन लेकरं. जमीन एकत्र होती. ती आपल्याच नावावर राहू देणं अवघड नव्हतं, तलाठ्याच्या दप्तरात असे फेरफार शोधायला लांब जावं लागत नाही. पुतण्या कर्ता झाल्यावर आबा त्याला घेऊन तहसीलला गेले आणि निम्मी वाटणी लावून आले. काळ्या रानात बांध टाकताना तो असा टाकला की विहीर पुतण्याकडं गेली. घरात बायको-पोरांनी आकांत केला. आबा म्हणाले, "आपल्याला पाणी पाळीनं मिळंल. त्याला कोण देणार हाय?" ती पाळी आज तिसऱ्या पिढीत चालू आहे. कोर्टात दिवाणी दावा नाही, चावडीवर तक्रार नाही. भावकीतल्या भांडणांनी तालुका कोर्टाची आवारं कशी भरलेली असतात ते पाहिलेल्या माणसाला यात बातमी दिसेल.

आणि लगेच दुसरं सांगतो, म्हणजे मी देवमाणसाची कहाणी सांगतोय असं वाटायला नको. बहिणींकडून त्यांनी हक्कसोड करून घेतलं होतं, सगळे घेतात तसं. साडी-चोळी, माहेरपण, बाळंतपणं सगळं केलं, पण जमिनीवरून नावं उठवली ती उठवलीच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणाले, तेव्हा आबा सभेला जाऊन आले, लावतो म्हणाले आणि लावलं नाही. पेरणीत तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरायची आजींनी. पेर दाट पडली की विरळ, हे त्या मुठीवर ठरायचं. १९७२ च्या दुष्काळात दोघं मिळून खडी फोडायला गेले, सुकडी दोघांनी खाल्ली, त्या वर्षीचे हजेरीपटावरचे अंगठे दोघांचे. निधनवार्तेत मात्र त्या 'पश्चात पत्नी'. नाव नाही. उद्या त्या जातील तेव्हा 'शिक्षक तमुक यांच्या मातोश्री' होतील. माझी पहिली मागणी इथंच नोंदवून ठेवतो: गेलेल्या माणसाची ओळख त्याच्या पोराच्या हुद्द्यावरून देणं बंद करा. बाप शेतकरी होता हे सांगायला तुम्हाला लाज वाटते की पोराला, ते एकदा ठरवा.

मिरचीबद्दल सांगायला हवं, कारण धर्माबाद म्हटलं की बाहेरच्या माणसाला मिरचीच आठवते. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या बाजारात पोती येऊ लागली की अख्खं गाव शिंकतं. नवा माणूस रुमाल शोधतो, आम्हाला तो हंगामाचा वास वाटतो. देठं काढायला बायका बसतात, दिवसभर हात असे भगभगतात की त्या हातांनी रात्री लेकराला जवळ घेता येत नाही. आबा माळाच्या दोन एकरांत बरीच वर्षं मिरची लावायचे. या पिकाला हमीभाव नाही. बाजार चढला त्या वर्षी त्यांनी घरावर स्लॅब टाकला, पडला त्या वर्षी आजींच्या पाटल्या मोडल्या. तुमच्या बाजारभावाच्या रकान्यात दोन्ही वर्षी एकच ओळ होती, किमान अमुक, कमाल तमुक.

बाभळीचं तर विचारूच नका. आमच्याच तालुक्यातला हा बंधारा. चौदा दरवाजे, पावणेतीन टीएमसीच्या आसपास पाणी. जुलै २०१० मध्ये या बंधाऱ्याला विरोध करायला चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन आले, अटक झाली, आमच्या आयटीआयमध्ये त्यांना ठेवलं, तेव्हा तुमच्या गाड्या उभ्या करायला धर्माबादेत जागा नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये इथल्या कोर्टानं त्या प्रकरणात वॉरंट काढलं, पुन्हा गाड्या आल्या. मधल्या काळात, २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. झालं, तेव्हापासून वर्षाकाठी ठरलेल्या बातम्या: दरवाजे उघडले, दरवाजे बंद केले. सोबत उद्घाटनाला उभे राहावे तसे उभे अधिकारी.

यातली मेख तुमच्या वाचकाला कुणी समजावून सांगितली? गंगेला पाणी असतं तेव्हा आमचे दरवाजे वर. दरवाजे खाली येतात तेव्हा वरच्या जायकवाडीनं, विष्णुपुरीनं आणि मधल्या बंधाऱ्यांनी आपापलं पाणी धरलेलं असतं. परतीचा पाऊस झाला तर बंधारा भरतो, नाही झाला तर करोडोंचा बंधारा नुसता उभा. आणि अतिवृष्टीच्या वर्षी उलटाच खेळ. खाली पोचमपाडचं धरण तुंबलं की त्याचं बॅकवॉटर आमच्या काळ्या रानात चढतं, सोयाबीन उभंच्या उभं कुजतं. अशा वर्षी माझ्या बातमीसोबत एका दैनिकानं भेगाळलेल्या जमिनीचा आणि कपाळाला हात लावलेल्या म्हाताऱ्याचा फोटो छापला होता. आमच्या कमरेएवढं पाणी होतं. संग्रहातला फोटो असेल, घाईत लागला असेल. पण 'बळीराजा' हवालदिल झाला की तो भेगांवरच बसलेला असायला हवा, हे तुमच्या मनात इतकं पक्कं आहे की खिडकीतून पाऊस दिसत असतानाही हात त्याच फोटोकडं जातो. बळीराजा तुमच्या मथळ्यात दोनच गोष्टी करतो, हवालदिल होतो नाहीतर सुखावतो. आबा या दोन्हींच्या मधे साठ वर्षं जगले.

आता भक्तीकडं येतो, कारण इथं तुमचं-आमचं सगळ्यात जास्त बिनसलेलं आहे.

आषाढीला तुम्ही पंढरपूरसाठी पानं काढता, ड्रोननं काढलेलं रिंगण छापता, आयटीतली पोरं वारीत चालली त्याचं कौतुक करता. छान आहे. पण वारकरी माणूस वर्षातले बाकीचे अकरा महिने काय करतो? आमचा भाग काही कोरडा नाही. देगलूरचे धुंडा महाराज १९९२ पर्यंत होते, त्यांचं कीर्तन ऐकलेली माणसं अजून गावोगाव आहेत. दासगणू महाराजांचं गोरठे शेजारच्या उमरी तालुक्यात. या मातीत शेतकऱ्याची भक्ती दिसते ती अखंड हरिनाम सप्ताहात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथ्यावरचं भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. त्यासाठी देवळाच्या भिंतीवर पहाऱ्याची यादी लागते, कुणी किती ते किती वीणा गळ्यात घालून उभं राहायचं याची. संध्याकाळचे पहारे घ्यायला हौशे पुष्कळ असतात, बघणारं असतं ना कुणीतरी. रात्री दोन ते चार हा आबांचा पहारा, कैक वर्षं. ते गेले त्यानंतरच्या सप्ताहात ती जागा भरायला गावात चर्चा करावी लागली.

सप्ताहाचं तुम्ही काय छापता? कीर्तनकारांच्या नावांची यादी आणि काल्याच्या दिवशी कोण आमदार येऊन गेले. महाप्रसादाचा लाभ इतक्या हजार भाविकांनी घेतला, हा आकडा मीच अंदाजानं लिहितो आणि तुम्ही तसाच छापता. त्या पंगतीमागची व्यवस्था मात्र तुम्हाला कधी दिसली नाही. आमच्या गावात वर्गणी जमिनीच्या मानानं बसते, ज्याला रान नाही तो अंगमेहनत देतो. ज्वारी किती, तूरडाळ किती, उरलेलं धान्य कुणाच्या घरी द्यायचं, याची वही आबांकडं होती. उरलेलं कुणाला दिलं ती नावं त्या वहीत नाहीत, नुसते पायलीचे आकडे आहेत. घेणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. ज्या साली बॅकवॉटरनं रानं गेली, त्या साली सप्ताह बंद ठेवावा असं बरेच जण म्हणाले. आबांनी पंगत वरण-भातावर आणली, मंडप रद्द केला, बोलावलेल्या महाराजांना फोन लावून मानधन जमणार नाही असं सांगितलं. बहुतेक जण तसेच आले. एका महाराजांना ऐनवेळी प्रकृतीचं कारण निघालं.

मोहरमला सवारीपुढच्या अलाव्यासाठी लाकूड त्यांच्या बांधावरून जायचं. हे त्यांच्या वडिलांपासूनचं. याला कुणी एकोपा, सलोखा म्हणून भाषण केलं असतं तर त्यांना कसंतरीच झालं असतं. लाकूड होतं, दिलं.

आणि हेही लिहितो, कारण हे न लिहिता त्यांच्या भक्तीचं कौतुक करणं लबाडी होईल. त्यांच्या उमेदीच्या काळात सप्ताहाच्या पंगती वेगळ्या बसायच्या. दलित वस्तीतली माणसं शेवटी, बाजूला. आबांनी ती रीत मोडली नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर मराठवाडा पेटला, आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा खून झाला. त्या दिवसांत आबांनी काय केलं, असं मी त्यांना एकदा विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "घरात बसून होतो." पुढं पंगत एक झाली. ती आबांमुळं झाली नाही, तरण्या पोरांनी केली. पण त्या वर्षी आबा पहिल्या पंगतीला बसले नाहीत. वाढायला उभे राहिले, वस्तीपासून सुरुवात केली. याला प्रायश्चित्त म्हणावं की नुसती वाढप, हे ठरवायला मी लहान आहे.

असे प्रश्न विचारायचे तर माणूस जिवंत असताना विचारावे लागतात. ती पिढी आता भराभर चालली आहे. रझाकारांच्या दिवसांत आईच्या कडेवर किंवा बैलगाडीत बसून गाव सोडलेली लेकरं आज ऐंशीच्या पुढं आहेत. आबांना ३० जानेवारी १९४८ च्या उमरी बँकेच्या धाडीचं मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं आठवायचं. तुम्ही दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाची पुरवणी काढता आणि तिच्यात तेच ते चार फोटो छापता. आमच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला विचारायला तुमचा कुणी आला नाही.

तुम्ही म्हणाल, हे काम कथा-कादंबरीकारांचं. नाही साहेब. रा. रं. बोराडे, भास्कर चंदनशिव, सदानंद देशमुख यांनी आपलं काम चोख केलं. कथा-कादंबरीतला शेतकरी खरा असला तरी त्याचा गट नंबर नसतो. तुमचं काम नोंदीचं आहे. आणि मराठी पत्रकारितेला हे नवं नाही. शेतकऱ्याचं जगणं छापायला छापखाना कच खातो, हा अनुभव तर जोतीराव फुल्यांचाच. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढची यायची थांबली, तीही आपल्याच माणसाच्या पत्रात. पण याच भाषेत मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला, पुढं नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात बसून, १९६७ ला ते जाईपर्यंत. खेड्यात बसून खेड्याचं पत्र. आमच्या मराठवाड्यात अनंत भालेरावांनी संपादकपद सांभाळून 'मांदियाळी'तली माणसं लिहिली. त्यांना जागा कशी सापडली?

वाचकाला हे नको असतं, असं एक ठेवणीतलं उत्तर तुमच्याकडं आहे. कुठल्या वाचकाला? हिंजवडीत, वाळूजला, नवी मुंबईत जो तुमचं पत्र वाचतो किंवा मोबाईलवर उघडतो, त्यातल्या बऱ्याच जणांचा बाप अजून औताच्या मागं नाहीतर ट्रॅक्टरच्या हप्त्यामागं आहे. आबांचा एक नातू पुण्यात आहे. निधनवार्तेचं कात्रण त्यानं मोबाईलवर ठेवलंय, आणि मला विचारत होता, "काका, आजोबांना रात्री दोनचाच पहारा कामून द्यायचे?" का ते त्याला घरातल्या कुणी सांगितलं नव्हतं. मी पाठवलेल्या दीड पानात होतं, तुमच्या चार ओळींत नव्हतं.

मग मागतो काय? फार नाही. आठवड्यातून एकदा, जिल्हा पानावर, तालुक्यातल्या गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा शेतकरणीला तीस ओळी द्या. नाव पूर्ण, तिचंही. जमीन किती, कसली, पाणी कुठलं, काय पिकवलं, काय विकून कुणाचं लग्न केलं, कुणाच्या भांडणात मध्ये पडला, कुठं पडायला हवं होतं आणि पडला नाही. 'शोकाकुल वातावरणात' आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे' हे दोन शब्दप्रयोग कापले की आठ-दहा ओळी तिथंच सुटतात. ही जागा जाहिरातीच्या दराला बांधू नका. प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिराती ज्यांना परवडतात त्यांची पानं वेगळी आहेतच. वार्ताहराला अशा मजकुराचं मानधन द्या. रक्कम काय ती तुमची तुम्ही ठरवा, मात्र शून्य नको, कारण सध्या ती शून्यच आहे.

आत्महत्येची बातमी देताना प्रेस कौन्सिलची तत्त्वं पाळा, आणि तिच्या दुसऱ्या परिच्छेदात तो माणूस कोण होता ते लिहा. 'पात्र' झाला की 'अपात्र', याचा निकाल लागेल तेव्हा पुन्हा या. नैसर्गिक मरणाला आपल्याकडं विमा का नाही, हा प्रश्न अधिवेशनाच्या काळात पहिल्या पानावर विचारा. बाभळीला जुलैत येऊ नका, तेव्हा सगळेच येतात. नोव्हेंबर सरताना या आणि बंधाऱ्यात पाणी किती अडलंय ते तुमच्या डोळ्यांनी बघा, मग १ मार्चनंतर पुन्हा या. संग्रहातला तो भेगांचा फोटो काढून टाका, निदान पावसाळ्यापुरता.

आणि सप्ताहाला या. आमदार येतात त्या दिवशी नको, चौथ्या-पाचव्या दिवशी, रात्री दोनला. राहायची सोय होईल. देवळात सतरंजी असते, चहा असतो. आबांच्या जागी आता त्यांचा तोच पुतण्या उभा असतो. बोलका आहे, पण पहारा संपेपर्यंत बोलणार नाही, तेवढं थांबावं लागेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक वार्ताहर आणि वर्गणीदार,
तालुका धर्माबाद, जि. नांदेड

ता. क. : जागेअभावी पत्र कापावं लागलं तर करपे, फुले आणि मुकुंदराव यांचा मजकूर कापला तरी चालेल, तो इतरत्र मिळतो. विहिरीचा बांध आणि पंगतीचा परिच्छेद ठेवा. ते दुसरीकडं कुठं छापलेले नाहीत.